सत्कारमूर्ती

“मांगं ऐकू येऊन राहिलं काय?”

आधी माइकवर दोन टिचक्या, मग एक फुंकर, आणि मग हा प्रश्न. पाहुण्यांशी त्याला देणंघेणं नव्हतं. तो विचारायचा मंडपाच्या शेवटच्या रांगेत, चपला सांभाळत बसलेल्या म्हाताऱ्यांना. तिकडून एखादा हात वर झाला की मान हलवून माइक वक्त्याच्या हवाली करायचा. हात वर झाला नाही तर वक्ता कितीही मोठा असो, याचं भोंग्याचं तोंड फिरवणं चालूच. एकदा एका वक्त्यानं तणतणत विचारलं, “अहो, अजून किती वेळ?” हा वर न पाहता म्हणाला, “थांबा ना साहेब. तुमचंच तं ऐकवाचं हाये.”

अमरावतीतल्या आमच्या वस्तीत, आणि वलगावपासून मोर्शीपर्यंत, लग्न असो, जयंती असो, शाळेचं गॅदरिंग असो, साउंड याचाच. असा माणूस तुमच्याही गावात असेल, पण तुम्ही त्याला नीट पाहिला नसेल. कार्यक्रमाच्या फोटोत तो येत नाही, फार तर त्याची वायर येते. त्याचं नाव मी इथे सांगणार नाही. त्या नावाचं लोकांनी जे करायचं ते करून झालंय.

मी ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते आणि त्याच्याच गल्लीत राहते. मला तो ताई म्हणायचा. एकदा मी त्याला छेडलं, “तुला काय रे एवढं मागच्यांचं कौतुक?”

“ताई, पुढचे तं ऐकू नाही आलं तरी टाळ्या वाजवते,” तो म्हणाला. “ऐकाले आलेला मानूस मांगंच बसते.”

हे ऐकून मी हसले होते. आज आठवलं की हसू येत नाही, संताप येतो. आणि हा सगळा मजकूर मी संतापातच लिहितेय, तेव्हा भाषा थोडी इकडेतिकडे झाली तर चालवून घ्या.

बाळापूरला एका लग्नाच्या मंडपात भोंगा बांधताना त्याची शिडी घसरली. पाठीवर पडला. अकोल्याला नेलं, मणक्याचं ऑपरेशन झालं. घरी आला तेव्हा वाकता येत नव्हतं, पण जीभ शाबूत होती. भेटायला येणाऱ्याला सांगायचा, “काही नाई, माहा स्टँड वाकडा झाला.” दवाखान्यानं दुखण्यावर गोळ्या लिहून दिल्या होत्या. अफूच्या जातीच्या गोळ्या. तशा त्या वाईट नाहीत. ऑपरेशनच्या दुखण्यावर त्याच लागतात. पण त्या किती दिवस घ्यायच्या, कशा कमी करायच्या, मध्येच सुटल्या तर काय होतं, हे त्याला एका शब्दानं कोणी सांगितलं नाही. चिठ्ठी जुनी झाली, तरी मेडिकलवाला देत राहिला. नंतर गोळी पुरेना, तेव्हा कोणीतरी इंजेक्शन दाखवलं. नशा करायला हा माणूस कुठे गेला नव्हता हो! तो दवाखान्यात गेला होता.

मे महिन्यात एका सकाळी त्याची बायको माझ्याकडे आली. “ताई, यायले ऊन लागलं. उतरूनच नाई राहिलं. पन्हं पाजलं, तळपायाले कांदा चोयला, काही नाई.”

मी गेले. तो चादर पांघरून भिंतीला टेकून बसला होता. नाक वाहत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, जांभईवर जांभई. पाय एका जागी राहत नव्हते. सकाळपासून परसाकडे किती वेळा गेला त्याला हिशेब नव्हता. मी त्याचा हात धरला आणि पाहिलं, तर हातभर काटा! आमच्याकडे मे महिन्यात मडक्यालाही घाम फुटतो. अशा दिवसांत माणसाच्या अंगावर काटा येतो म्हणजे ते ऊन नव्हे.

“काय घेतो तू?” मी विचारलं.

तो बायकोकडे पाहायला लागला.

“तिच्याकडे काय पाहतो? माह्याकडे पाय.” मला राग आला की माझी पुस्तकी मराठी गळून पडते.

त्यानं गादीखालून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढली. मग शर्टाची बाही वर केली. बायकोनं तोंडावर पदर धरला. रडता रडता तो म्हणाला, “ताई, मजा नाई येत वं आता. मजा कवाच गेली. नाई घेतलं तं असं होते, म्हनून घेतो. मी लय कमजोर मनाचा निंगलो.”

हे वाक्य त्याच्या डोक्यात कोणी घातलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. सगळ्या वस्तीनं. व्यसन लागलेल्या कोणाहीबद्दल ती हेच बोलते. मी तिथेच फतकल मारून बसले आणि त्याला शिकवलं. पोरांना शिकवते तसंच.

“तुझ्या मेंदूत तुझी स्वतःची अफू असते,” मी म्हटलं. “चिमूटभर. ठेच लागली, पोट धरून हसलो, लेकरू मांडीवर घेतलं की मेंदू ती सोडतो. दुखणं दबतं, बरं वाटतं. मेंदूच्या पेशींवर तिच्यासाठी कुलपं असतात. तुझ्या गोळीची किल्ली नेमकी त्याच कुलपांना लागते, आणि ती चिमूटभर येत नाही, पोत्यानं येते. मेंदू म्हणतो, एवढी आयती येऊन राहिली तर मी कायले राबू? तो आपली अफू कमी करतो. कुलपंही ढिली पडतात, म्हणून तीच गोळी मग पुरत नाही.”

“मंग हे जांभया, हा काटा?”

“मेंदूच्या बुडाशी एक निळसर ठिपका असतो. माणसाला जागं ठेवायचं, दचकवायचं, पळवायचं काम त्याचं. अफू त्याचा आवाज दाबून टाकते. तो बिचारा आपला आवाज पोचावा म्हणून बटण वाढवत जातो. वरून दाब आहे तोवर सगळं बरोबर वाटतं. गोळी चुकली, दाब उठला, की...”

“की शिट्टी मारते!” चादरीतून तो एकदम पुढे सरकला. “बटन फुल, अन् माइकवरचा हात काढला. भोंगा असा बोंबलते ना ताई, कान फाटते.”

“तेच. तुझ्या डोक्यात तेच चालू आहे. यात मन कुठून आलं?”

त्यानं नाक पुसलं. बायकोला म्हणाला, “ऐकलं काय? मशीन बिघडली, म्हने. मी नाई बिघडलो.” ती रडता रडता हसली.

सरकारी दवाखान्यात त्याला मी आणि त्याची बायको घेऊन गेलो. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. ती त्याच्यावर ओरडली नाही, उपदेश केला नाही. जिभेखाली धरायची एक गोळी दिली. ब्युप्रेनॉर्फिन. ही किल्ली त्याच कुलपात बसते पण अर्धीच फिरते, आणि दुसऱ्या किल्लीला आत येऊ देत नाही, असं तिनं सांगितलं. तडफड थांबते, नशा चढत नाही, माणूस कामाला लागतो. मात्र रोज घ्यायची, आणि कमी करायची ती डॉक्टरांनी, सावकाश. घाई केली की घात.

त्याची तडफड थांबली. काही महिन्यांत त्याची हाक पुन्हा मंडपात ऐकू यायला लागली. घरी एक गंमत सुरू झाली. ती गोळी जिभेखाली विरघळेपर्यंत बोलायचं नसतं, आणि हा तर दिवसभर बडबडणारा. तेवढा वेळ तो हातवारे करून भांडायचा. बायको मला म्हणायची, “ताई, त्या डॉक्टरीनबाईले म्हना, मोठी गोयी द्या. घर कसं शांत राहते!” हा तिच्याकडे डोळे वटारायचा, आणि तोंड उघडता येत नाही म्हणून कपाळावर हात मारायचा.

दर रविवारी विहारात वंदनेला साउंड त्याचाच असायचा. पंचशील सुरू झालं की चार शीलं तो सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणायचा. पाचवं आलं, नशेपासून दूर राहण्याचं, की खाली वाकून मशीनची बटणं चाचपायचा. माझ्या ते बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं. मी विचारलं तर म्हणाला, “खोटं कसं म्हनू ताई? जिभेखाली गोयी अन् जिभेवर शील?”

मी त्याला हाताला धरून भन्तेजींकडे नेलं. भन्तेजी आमचे म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गोळी घेतल्यावर भान जाते का येते?”

“येते, भन्तेजी. घरच्याइचे चेहरे दिसते.”

“मग ते औषध आहे. घ्या, आणि शील म्हणा.”

पुढच्या रविवारी पाचवं शील त्यानं इतक्या मोठ्यानं म्हटलं की पुढच्या रांगेतल्या बायका दचकून मागे पाहायला लागल्या. मला आठवतं, त्या दिवशी घरी येऊन मी शिरा केला होता.

इथे थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण आमच्या वस्तीला चांगलं झालेलं पाहवत नाही. त्याचा सत्कार केल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ. शिकलेले, मदतीला धावणारे, पोरांसाठी अभ्यासिका काढलेले. वाईट माणूस नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसानं केलं असतं तर एवढा जीव जळला नसता. त्यांच्या मनात आलं की व्यसनमुक्तीचा कार्यक्रम घ्यावा आणि आपल्याच वस्तीतल्या मुक्त झालेल्या माणसाचा सत्कार करावा. फक्त एक अडचण होती.

“अजून ती गोळी चालूच आहे ना त्याची?” मला ते म्हणाले. “मग मुक्ती कसली, मॅडम? दारू सोडून ताडी धरल्यासारखं झालं. मनानं घेतलं तर काय सुटत नाही?”

हे बोलताना त्यांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. तो थुंकायला ते दारापर्यंत गेले आणि परत येऊन पुढे बोलू लागले.

मी म्हटलं, “साहेब, मी थायरॉइडची गोळी रोज सकाळी घेते. ती सोडली तर माझा सत्कार कराल?”

“त्याची गोष्ट वेगळी.”

“काहून वेगळी? थायरॉइड बी शरीर, मेंदू बी शरीर. ऐका. गोळी बंद केली की अंगाला जुन्या मापाची सवय राहत नाही. पण ओढ राहते, ती वर्षानुवर्षं राहते. श्वास चालवणारं केंद्र मेंदूच्या देठात असतं. पूर्वी पचायचं तेवढंच इंजेक्शन या माणसानं परत घेतलं, तर ते केंद्रच झोपी जाईल. मरंन तो.”

“तुम्ही फार घाबरवता बुवा,” अध्यक्ष म्हणाले. “तो परत घेईलच कशाला? सत्कारानं माणसाला बळ येतं.”

मी त्याच्या घरी गेले. म्हटलं, नाही म्हण. तो वायर गुंडाळत होता. पंजापासून कोपरापर्यंत, कोपरापासून पंजापर्यंत, अशी एकसारखी वेटोळी घालायची त्याची पद्धत.

मग म्हणाला, “ताई, इतक्या सत्काराईचे माइक लावले मी. निवेदक साऱ्याईचे आभार मानते. मंडपवाला, चहावाला, सारे. माहं नाव एकदा नाई घेतलं कोनी. आता माह्याच हातानं लावलेल्या माइकवर माहं नाव घेनार हाये. एक डाव ऐकू द्या ना.”

मी म्हटलं, “आणि गोळी?”

“अध्यक्ष साहेब म्हनते, स्टेजवर सोडाची.” माझा चेहरा पाहून तो घाईनं म्हणाला, “मले आता ओढ नाई येत, ताई. मी बरा झालो.”

“ओढ येत नाही कारण गोळी चालू आहे, बाबा!”

त्यानं मान हलवली, पण वायर गुंडाळणं थांबवलं नाही. बायकोनंही माझी बाजू घेतली नाही. तिला नवऱ्याच्या अंगावर शाल पाहायची होती. त्यात तिची काय चूक?

कार्यक्रम झाला. साउंड त्यानं स्वतःच लावला, टिचक्या मारल्या, फुंकर घातली, मागच्यांना विचारलं आणि मग हात पुसून स्टेजवरच्या खुर्चीत जाऊन बसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट. पाय कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. निवेदकानं त्याचं नाव घेतलं तेव्हा तो स्वतःकडे न पाहता भोंग्याकडे पाहत होता, आवाज फाटतो का म्हणून. शाल घातली, नारळ दिला. मग अध्यक्षांनी हात पुढे केला आणि त्यानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून त्यांच्या हातावर ठेवलं. अध्यक्षांनी ते जिंकलेल्या कपासारखं उंच धरलं. काय टाळ्या, काय टाळ्या!

मी मागून उभी राहून ओरडले, “परत द्या त्याले ते!” ओरडले हो, लाज सोडून ओरडले. पण माइक स्टेजवर होता. शेजारच्या बाईनं माझा पदर ओढला. अध्यक्षांनी हसून माइकवर सांगितलं, “मॅडमना आनंद झालेला दिसतो.”

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. फोटोत तो पहिल्यांदाच आला, आणि इकडे घरी त्याच शालीखाली त्याच्या अंगावर काटा फुलायला लागला होता.

पुढच्या दिवसांत त्याची बायको पुन्हा आली, पुन्हा तेच. जांभया, पाय झाडणं, रडू. या वेळी तिनं ऊन लागलं म्हटलं नाही. मी त्याला म्हटलं, चल दवाखान्यात, आत्ता. डॉक्टरीण मला फोनवर म्हणाली होती, केव्हाही आणा, कोणी बोलणार नाही.

“ताई, पेपरात फोटो लागला,” तो म्हणाला. “मुक्त झालेला मानूस म्हनून लागला. आता कोन्या तोंडानं त्या लाइनीत उभा राहू? तिथं आपल्याच वस्तीतले दोघं उभे राह्यते. ते काय म्हनतीन?”

बघा. दार उघडंच होतं, आणि आम्ही त्याला शाल पांघरून ते बाहेरून लावून घेतलं होतं. मी भांडले, हात जोडले. जुनं इंजेक्शन आता अंगाला झेपणार नाही, हे त्याला दहा तऱ्हांनी सांगितलं. तो म्हणाला, “नाई घेत, ताई. वलगावचं लगन निपटू द्या, मंग येतो तुमच्यासंगं.”

अंगातली तडफड तर त्यानं दात खाऊन काढली. कशी काढली ते बायकोला ठाऊक. लोकांना वाटलं, जिंकला. अध्यक्ष रस्त्यात त्याची पाठ थोपटून गेले, नेमकी तीच पाठ. मात्र निळा ठिपका गप्प झाला म्हणजे सगळं मिटलं असं नसतं. मेंदूची ती चिमूटभर अफू अजून परतलेली नव्हती. हसू नव्हतं, झोप नव्हती, जेवणाला चव नव्हती. त्यात वलगावच्या लग्नात टेम्पोतून बॉक्स उतरवताना पाठीत कळ आली.

दुपारी नवरदेव मंडपात आला आणि भोंगा बंद. लोक शोधायला गेले. तो टेम्पोत बॉक्सला टेकून बसला होता. पंजापासून कोपरापर्यंत वायर गुंडाळलेली, वेटोळी एकसारखी. दुसऱ्या हाताची बाही वर केलेली. ओठ निळे पडले होते. त्यानं जास्त काही घेतलं नव्हतं. पूर्वी घ्यायचा तेवढंच घेतलं होतं.

विहाराच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. साउंड दुसऱ्या कोणाचा तरी होता. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. “आपण त्याला बाहेर काढलं होतं,” ते म्हणाले, “पण शेवटी मन कमकुवत पडलं.” भोंगा मध्येच शिट्टी मारत होता, कोणाला त्याचं काही नव्हतं. मागच्या बायका एकमेकींना विचारत होत्या, काय म्हनते, काय म्हनते?

मन कमकुवत! मेल्यावरही तेच त्याच्या माथी मारलं जात होतं. मी उठले आणि सरळ स्टेजवर गेले. अध्यक्षांच्या हातातून माइक घेतला. त्यांनी तो सोडला, काय कळलं त्यांना कोण जाणे. मी माइकवर दोन टिचक्या मारल्या, फुंकर घातली.

“मांगं ऐकू येऊन राहिलं काय?”

शेवटच्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात, त्याची बायको बसली होती. तिनं हात वर केला.

मग मी सगळं सांगितलं, त्या ऊन लागल्याच्या सकाळपासून. मेंदूची कुलपं, निळा ठिपका, अर्धी फिरणारी किल्ली, श्वासाचं केंद्र. भन्तेजींनी काय सांगितलं होतं ते. स्टेजवर उंच धरलेलं ते पाकीट म्हणजे त्याचा श्वास होता, तेही सांगितलं. “तो कमजोर नव्हता,” मी म्हटलं. “आपण त्याचं औषध काढून घेतलं अन् टाळ्या वाजवल्या.” अध्यक्ष मान खाली घालून बसून राहिले.

बाहेर चपला घालत होते तेव्हा एका म्हातारीनं माझं मनगट धरलं. मी तिला ओळखत नव्हते; मागेच कुठेतरी बसलेली असणार. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं,

“बाई, माह्या पोराले बी असंच ऊन लागते. कुठी हाये तो दवाखाना?”